तात्पुरती किल्ली

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा! नवं गाव, नवी नोकरी, तीही या वयात. शीतगृहाच्या आवारातच राहायला स्वच्छ खोली मिळाली आहे. कामाला काचेची केबिन, आणि समोर चार कोठ्यांची जाड पांढरी दारं. तीन कोठ्यांत सफरचंदं, चौथी बंद. मॅनेजर बोलघेवडा माणूस. म्हणाला, काका, मागचा ऑपरेटर गेल्यापासून या कॉम्प्युटरला हात लावायला कुणी धजत नाही, आम्ही लांबूनच नमस्कार करतो. मी चालू केला आणि पडद्यावरची पहिलीच ओळ पाहून हसू आलं. ही ऑपरेटिंग सिस्टिम जगात मोजकी माणसं वापरतात, आणि त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. मी मात्र हिच्याशी अर्धं आयुष्य संसार केला आहे, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. मॅनेजरला म्हटलं, आजपासून नमस्कार बंद.

मागच्या ऑपरेटरचा मग टेबलावरच होता. कान तुटलेला, पण चांगला जाड. घासून वापरायला घेतला.

बुधवार, ५ तारीख

मोबाइल फाटकावर जमा करायचा नियम आहे. आत आणला तरी या पत्र्यांच्या गराड्यात रेंज येत नाही. वॉचमन म्हणतो, इथे बायकोचाही फोन येत नाही, याहून सुखाची नोकरी कुठली?

मला ते सुख परवडणारं नाही. लेकीनं नवऱ्याचं घर सोडलं आहे. तो तिचा प्रत्येक मेसेज वाचायचा, आणि वर तिलाच मोठ्यानं वाचून दाखवायचा. आता ती कुठे आहे हे फक्त मला ठाऊक. फोन नंबरसुद्धा तिनं ठेवलेला नाही. तिचा विश्वास एकाच एन्क्रिप्टेड ॲपवर आहे, ज्यात मधल्या कुणालाही काही वाचता येत नाही. हे ॲप माझ्या सिस्टिमसाठी कुणी बनवलेलंच नाही. निघताना तिनं विचारलं होतं, बाबा, जमेल ना? मी म्हटलं, बाप कोणाचा आहे!

शनिवार, ८ तारीख

ॲपचा मूळ कोड उतरवून घेतला आहे. जेवणाच्या सुट्टीत बसून स्वतः कम्पाईल करतो, म्हणजे या सिस्टिमवर चालेल असा घडवतो. एक चूक दुरुस्त केली की तिच्या पाठोपाठ तिची सगळी भावंडं हजर. तरी एकेकीला वठणीवर आणलं.

एकच जागा अडली आहे. तिथे ॲप सिस्टिमकडे असे आकडे मागतं, की जे कुणालाही ताडता येऊ नयेत. त्यांतूनच प्रत्येकाची गुप्त किल्ली घडते. ही सिस्टिम ते आकडे वेगळ्या रीतीनं देते. तिची रीत धुंडाळण्याइतका धीर नव्हता. तिथे एक छोटा तुकडा लिहिला, सगळीकडे सातच सात भरले, वर शेरा टाकला: तात्पुरतं, नंतर बदलणे.

चाललं!

रविवार, ९ तारीख

लेक पलीकडून बोलली! नियम असा की माणसाची ओळख पटवायची ती दुसऱ्या वाटेनं, समोरासमोर किंवा फोनवर खूण विचारून. मीच तिला घोकून घोकून शिकवलेलं. पण दुसरी वाट होती कुठे? तिनं तिथेच विचारलं, पहिल्यांदा शाळेत जाताना मी दप्तरात तुमचं काय लपवून नेलं होतं? मी लिहिलं, पेचकस, पिवळ्या मुठीचा, भिंगरे. भिंगरी हे तिचं लाडाचं नाव, फक्त माझ्या तोंडचं. मग मात्र तिनं हसण्याची नुसती रांग पाठवली. म्हणे, बाबा, तुम्ही या जगातले शेवटचे हट्टी आहात.

तात्पुरता तुकडा बदलायचा राहिला. उद्या.

गुरुवार, १३ तारीख

लेक म्हणाली, सकाळी तुम्ही माझ्या खोलीचा पत्ता परत का विचारलात, विसरलात की काय? मी सकाळी कोठ्यांचं तापमान पाहत होतो, कॉम्प्युटरपाशी नव्हतो.

ॲपमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. एकाऐवजी दोन. दुसऱ्याचं नाव ‘कोठी ४’. काढून टाकलं. चहा घेऊन येईपर्यंत परत आलं. मॅनेजर म्हणाला, चौथ्या कोठीत एक जुना टर्मिनल, नुसता पडदा आणि कीबोर्ड, आहे खरा, पण त्यानं केव्हाच मान टाकली आहे. तिकडे जाणारी वायर मी पकडीनं कापली.

नाव यादीत तसंच आहे.

शुक्रवार, १४ तारीख

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात मागच्या ऑपरेटरचा कोड सापडला. त्यानंही हेच ॲप इथे चालवलं होतं. त्याच जागी अडला होता. तसाच तुकडा, तसेच सात. वर शेरा: तात्पुरतं, नंतर बदलणे.

म्हणजे त्याची किल्ली आणि माझी किल्ली एकच. ज्याच्याकडे ती आहे तो माझं सगळं वाचू शकतो. तो मी होऊ शकतो.

वॉचमनला खोदून विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग खाली बघत बोलला. ऑपरेटर चौथ्या कोठीत गेला तो परत दिसला नाही. पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली, नवऱ्यानं मेसेज करून बोलावलंय म्हणाली. चौथीच्या आतून त्याचा आवाजही आला. तिनं दार उघडलं, आत गेली, दार मिटलं. वॉचमननं धावत जाऊन उघडलं तर आत कुणी नाही. बाहेर फक्त तिची छत्री.

शनिवार, १५ तारीख

तुकडा नीट लिहिला. खरे आकडे, नवी किल्ली. लेकीला कळवलं, माझी किल्ली बदलली आहे, जुनीवरून येईल ते खोटं समज.

तिनं उत्तर दिलं, बाबा म्हणालेच होते, नवी किल्ली घेऊन कुणीतरी येईल आणि स्वतःला बाबा म्हणवून घेईल.

मी पेचकस सांगितला. पिवळी मूठ सांगितली. ती म्हणाली, ते आमच्या बोलण्यात वाचलं असशील. वाचायची सवयच आहे तुला.

तुला. तिला वाटतंय मी तिचा नवरा आहे.

शेवटचं तिनं लिहिलं, मी बाबांकडे निघाले आहे, आता काय करायचं ते कर. मग मला ब्लॉक केलं. सगळं बरोबर केलं तिनं. मी शिकवलं तसंच.

रविवार, १६ तारीख

सकाळपासून फाटकावर. आली की हाताला धरून इथूनच परत न्यायचं. नोकरी गेली खड्ड्यात. वॉचमनला सांगून ठेवलंय, तिला एक पाऊल आत टाकू द्यायचं नाही. तो म्हणाला, काका, पाणी तरी प्या.

ऊन चांगलं आहे. वही मांडीवर —

तिचा आवाज. फाटकाकडून नाही, मागून. चौथीतून. बाबा, थंडी वाजतेय. मागच्या बाजूनं आली की काय —

*

आत कुणी नव्हतं. दार मिटलं. दाराची आतली मूठ बर्फात गोठली आहे.

ओळख पटवली नाही मी. नुसत्या आवाजावर धावलो.

पेनातली शाई उतरत नाही. खिशात पेन्सिल होती.

*

टर्मिनल चालू आहे. कापलेली वायर खाली लोंबते आहे. कळांवर बर्फाचा थर, फक्त काही कळा स्वच्छ. भिंगरी लिहायला लागतात त्या.

मी लिहिलं, येऊ नकोस. पडद्यावर उमटलं, ये.

ओरडून पाहिलं, येऊ नकोस. भिंतींनी परत दिलं ते एवढंच — ये.

म्हणजे तोंडच उघडायचं नाही. काहीही झालं तरी.

*

बाहेर वॉचमन. म्हणतोय, ताई, नको म्हणून सांगितलंय त्यांनी, पण गेलेत ते इथेच, मी डोळ्यांनी पाहिलं —

तिची पावलं. ओळखतो मी. या वेळी खरी.

मफलर तोंडात कोंबला आहे.

ती दाराशी. बाबा म्हणतेय. गप्प आहे मी. जा, पोरी. उत्तर नाही ना, मग जा —

हुशार आहे. उघडत नाहीये. विचारतेय, पेचकसाची मूठ कोणत्या रंगाची?

नाही सांगत. मफलर दातांत आहे, मी नाही —

माझ्या मागून माझाच आवाज, मायेनं, पिवळी, भिंगरे —

दाराची मूठ बाहेरून फिरतेय