भरितातला काळा ठिपका

मंगळवार, ९ डिसेंबर. संध्याकाळ.

नरडाण्याच्या आमच्या कारखान्यातून विमानाने दुबईला गेलेल्या गोठवलेल्या भरिताची आज तक्रार आली. पाकिटात काळा ठिपका! फोटोही जोडलेला. बोटांनी मोठा करून पाहिला आणि मला हसूच आलं. वांग्याची जळकी साल, दुसरं काय?

साहेब म्हणाले, "ताई, हसू नका. शुक्रवारच्या विमानाचा माल अडकेल. माल तुम्ही तपासता, माफीही तुम्हीच लिहा."

आई भडगावला अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, तेव्हा अशी साल मुद्दाम थोडी राहू द्यायची. मी ती वेचून ताटाच्या कडेला लावायचे. मग ती चिडायची, "हाई दिसनं नही ते भाजेल शे हाई कसं समजी?" साल म्हणजे तिच्यासाठी भाजल्याची खूण. तो धूर अजून नाकात आहे. तो कुठल्या थर्माकोलच्या पेटीत भरायचा?

शेवटी लिहिलं, असा ठिपका पुन्हा दिसणार नाही.

घरी येऊन भरीत केलं, गॅसवर, साल पार काढून. जेवताना ताटात नीट पाहिलं. एकही ठिपका नाही. आई असती तर तिने पहिल्या घासालाच विचारलं असतं, वांगी उकडली का म्हणून.