पाठराखीण

३ फेब्रु., मंगळ.
जोगेश्वरीच्या तबेल्याचं दूध पुन्हा 'अँटिबायोटिक आहे' असंच आलं. आमच्या लॅबचं दूध तपासायचं किट अजून ट्रायलवर, तरी आमच्या सरांनी डेअरीला फोन केलाच. डेअरीने दूध बंद केलं. तबेलेवाला रामसेवक दुपारी साकीनाक्याला, लॅबच्या दारात. "दीदी, भैंस को सुई लगी ही नहीं. फिर से देखो ना." बघते म्हटलं. जेवणाचा डबा न उघडता घरी परत आणला.

४ फेब्रु.
लॅबमधल्या नीलमला विचारलं, किटच चुकत असेल तर? ती : "प्लेट बघ ना, हळदीसारखी पिवळी. ज्यांच्या रक्तातून किटची अँटिबॉडी काढली ते ससे झकास निघालेत. काही चांगलं झालं की तुला ताप येतो, यार."
असेल. पण शाळेच्या आधी आत्याने घरीच गणित शिकवलं, ते अंगात मुरलंय. उत्तर आलं की उलटं करून बघ.

५ फेब्रु., गुरु.
उलटं केलं. साध्या पाण्यात औषध मुद्दाम घातलं. औषध असेल तर पिवळा रंग उतरायला हवा. नाही उतरला. आणखी घातलं. नाहीच.
कुणाला बोलले नाही.

६ फेब्रु.
संध्याकाळी कांदिवलीला घरी, आत्याबरोबर वाल सोलत होते. तोंड का उतरलंय म्हणाली. सांगितलं. औषधाचा कण इतका लहान, की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून गाईच्या रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचायचा. मग शरीर त्याला ओळखायला शिकतं. किट त्या ओळखीवर चालतं.
"म्हणजे नवरीबरोबर पाठराखीण धाडतत तशी?"
तशीच.
"आणि सासरच्यांनी पाठराखणीकच नवरी समाजली तर?"
वाल टाकून उठले. सशाला टोचलं तेच प्रथिन, प्लेटवरही तेच. प्लेटवर लावायचं दुसरं, अंड्यातलं, संपलं होतं. सर म्हणाले होते, चालेल. आणि ते गाईचं प्रथिन थोडं दुधातही असतं. म्हशीचंही जवळपास तसंच. म्हणजे किट औषध नाही, प्रथिनच ओळखत असेल. खात्रीचं चांगलं दूध आम्ही एकदाही लावून पाहिलं नाही.

७ फेब्रु., शनि.
नुसतं प्रथिन घातलं, औषध नाही. रंग उतरला. घरचं पिशवीचं दूध : उतरला. खालच्या चहावाल्याचं : उतरला.
नीलम : "वाट लागली. म्हणजे मुंबईतलं सगळं दूध नापास?" मग हळू आवाजात : "सोमवारी इन्व्हेस्टर येतायत. आज नको बोलू गं."
बोलले. सर म्हणाले, सोमवारी बोलू.

९ फेब्रु., सोम.
सर : "तुझं बरोबर असेल. पण नवं प्रथिन, नवे ससे, सगळं पहिल्यापासून. आज फक्त पिवळी प्लेट दाखवू. दूध काढूच नकोस."
डेअरीला फोन करायचा ना?
"पाहुणे जाऊ देत."
पाहुणे गेले. सर त्यांच्याबरोबर जेवायला. फोन राहिला. मीही आठवण केली नाही. का नाही केली

१० फेब्रु.
रामसेवक आला, किटली घेऊन. "आज का ताज़ा है, दीदी. इसमें देखो." तपासलं असतं तर हेही नापास.
सांगून टाकलं. दूध ठीक है, हमारा किट ग़लत है.
त्याने किटलीचं झाकण घट्ट केलं. "तो डेअरी को लिख के दे दो."
मला तसा अधिकार नाही. सर फोन उचलत नाहीत. नीलम म्हणते, नोकरी जाईल, वेडी आहेस का.
कागद काढलाय. तारीख घातली, तबेल्याचं नाव घातलं. तो बाहेर जिन्यात बसलाय, किटली मांडीवर.