निमंत्रण मुलीला, बंदुकीला नव्हे

चि. आबास, दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुझी लेक वेळेवर जेवते, झोपते. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत नाहीस ना?

बंदूक मात्र विमानतळावरच अडकली. आपल्याकडे छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. येथे तो आधी काढावा लागतो. स्पर्धेचे निमंत्रण आहे, त्याअर्थी बंदूकही अपेक्षितच आहे, असा मुद्दा मी मांडला. अधिकारी म्हणाला, "आजोबा, निमंत्रण मुलीला आहे, बंदुकीला नाही." युक्तिवाद निर्दोष होता, संताप आला तो त्याचाच.

आयोजकांनी दुसरी बंदूक दिली आहे, पण तिचा दस्ता उजव्या हाताचा. डावखुऱ्या पोरीसाठी तू महिनाभर घासलेले लाकूड विमानतळावरच्या कपाटात कुलूपबंद आहे. मी पुन्हा भांडायला निघालो, तर लेक म्हणाली, "काका, आता पुरे! तुम्ही जिंकाल परवा, आणि माझा सामना उद्या आहे."

सध्या ती समोर सराव करते आहे. छरे भलतीकडे जात आहेत, तरी ती बंदूक खाली ठेवत नाही.

आम्ही परतल्यावर निकाल तिला विचारू नकोस. मला विचार.

तुझा,
दादा