पुट्ट छत्री

अप्पा, माझं एक ताट तुमच्याकडे राहिलंय. रागावू नका, पण एवढ्या वर्षांनी तुमच्याशी बोलायला बसले तर पहिल्यांदा तेच आठवलं. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता कितीतरी मोठी झालेय. म्हणजे तसं पाहिलं तर तुम्हाला दटावायचा अधिकार मला पोचतो. पण दटावायचं की पाया पडायचं, हेच मला गेल्या भाद्रपदापासून कळेनासं झालंय. तोपर्यंत माझा राग अगदी सरळ होता. एका रविवारी दुपारी तुम्ही माझ्या ताटातली भाजी ओढून आपल्या ताटात घेतलीत आणि मला भरल्या ताटावरून उठवलंत. खादाड बाप आणि उपाशी पोरगी, एवढीच गोष्ट होती. ती मी माझ्या मुलांनाही सांगितली आणि तीही हसली. आता मात्र ती गोष्ट मला सांगता येत नाही.

तुमचं ते मंडळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पावसाळ्यात दर रविवारी सकाळी तुम्ही, दवाखान्यातले कंपाउंडर काका, पेठेतले विणकर काका आणि आणखी दोघे-चौघे हौशी टोपल्या घेऊन सोलापूरच्या बाहेर पडायचात. तळ्याचा बांध, गायरान, मिलच्या मागचे उकिरडे, जिथं म्हणून अळंबी उगवेल तिथं. गावानं तुम्हाला 'छत्रीवाले' असं नाव ठेवलं होतं. हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर कुत्र्याच्या छत्र्या वेचत हिंडतो, याची लोकांना मोठी मौज वाटायची. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. दुपारी सोप्यात पाट मांडून तुम्ही एकेका छत्रीचं चित्र काढायला बसायचात, आधी अख्खी, मग उभी चिरून. रंग वाळेपर्यंत मी कागदाजवळ फिरकायचं नाही. "कुत्र्याला कशाला हवीय गं छत्री? लोकांना नाव ठाऊक नसलं की कुत्र्यावर ढकलतात," असं तुम्ही मला सांगायचात.

मग घरातल्या वाट्या जायच्या. छत्रीचा देठ काढून टोपी कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची, की खाली तिच्या भुकटीचा गोल ठसा उमटलेला असायचा. पांढरा, तपकिरी, काळा, कधी फिकट गुलाबी. आमटी वाढायला माझ्या आईला, अव्वाला, वाटी सापडायची नाही. सोप्यात, देवळीत, खिडकीत, जिकडे तिकडे पालथ्या वाट्या, आणि हात लावला तर तुमचा आरडाओरडा. खायची छत्री कुठली आणि टाकायची कुठली, यावर मंडळात कधी एकमत झालं नाही. एकच नियम पक्का होता. ठसा हिरवा पडला तर ती छत्री विषारी. विणकर काकांच्या पेठेत एका घरातली सगळी माणसं तसली छत्री खाऊन ओकून ओकून आडवी झाली होती.

खायची म्हणून विणकर काका एकाच छत्रीची हमी द्यायचे. "पुट्टगोडुगु असला की डोळे झाकून खावा, मास्तर," असं ते म्हणायचे. तो तेलुगू शब्द तुम्हाला इतका आवडला की तुम्ही आठवडाभर घरात तोच घोळवत होतात. दाढी करताना पुट्टगोडुगु, सायकल पुसताना पुट्टगोडुगु. चुलीपाशी बसून अव्वा ते ऐकत होती.

आमच्या लिंगायताच्या घरात ही वस्तू शिजणार कशी, हा वेगळाच घोळ होता. अळंबी शिवराक म्हणायची की नाही हेच कुणाला सांगता येईना. जमिनीतून उगवतं ते शाकाहारीच, हे तुमचं म्हणणं. "मग मटणासारका वास का येतंय म्हनतात?" हा अव्वाचा प्रश्न. तुम्ही तो मंडळापुढे ठेवलात आणि मंडळानं त्यावर चहाचं आधण संपेपर्यंत वाद घातला. शेवटी ठरलं काहीच नाही.

अव्वाला खरं तर तुमच्याबरोबर यायचं होतं. ती अक्कलकोटाकडची, तिच्या माहेरी सगळे कानडी बोलणारे. मराठी तिला यायची, पण तो आणि ती यांत तिची कायम गल्लत व्हायची. एका रविवारी सगळे सोप्यात बसले असताना ती धुतलेल्या वाट्या घेऊन आली आणि धीर करून म्हणाली, "मलाबी न्या की तुमच्यासंगट. मलाबी कळतंय छत्री कसला असतो. हा वाटी घ्या." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. चित्रावरून मान वर न करता म्हणालात, "आधी वाटी हा का ही ते ठरव, मग अळंबी ओळखायला ये." सगळे खो खो हसले. विणकर काका तेवढे हसले नाहीत, त्यांची मराठीही तसलीच होती. अव्वानं वाट्या खाली ठेवल्या आणि ती आत गेली. त्या दिवसापासून मंडळातलं कुणी आलं की ती व्हय आणि न्हाय याखेरीज एक शब्द मराठी बोलायची नाही. तुमच्या ते ध्यानात आलं होतं का? मला आलं होतं, आणि मला तुमचा राग आला होता.

नंतरच्या एका शनिवारी तुम्ही शाळेत होतात. अव्वा मला घेऊन गायरानात गेली. रात्री पाऊस झालेला, गवतात जागोजागी पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या, पसरट मोठ्या आणि त्यांच्या बुडाशी अंड्याएवढ्या लहान. तिनं मोठ्यांना हातच लावला नाही. मला म्हणाली, "पुट्ट पुट्ट बघून घे, पुट्टी." कानडीत पुट्ट म्हणजे लहान. मी घरात लहान म्हणून मी पुट्टी. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मीही वेचत सुटले. घरी आल्यावर त्यातली एक जरा उमललेली निवडून तिनं तुमच्यासारखीच कागदावर ठेवली, वर पितळेची वाटी पालथी घातली आणि ती वाटी उतरंडीमागे लपवून ठेवली. तुम्हाला चकित करायचं होतं तिला.

रविवारी दुपारी तुम्ही आणि मी जेवायला बसलो. कांदा, काळं तिखट, शेंगदाण्याचा कूट आणि चिंच घालून केलेली भाजी, गरम भाकरी. शिवराक की काय याची धाकधूक पोटात ठेवून तिनं ती रांधली होती, केवळ तुमच्यासाठी. ती स्वतः नंतर बसणार होती. तुम्ही पहिला घास घेतलात, मान डोलावलीत, निम्मी भाजी संपवलीत आणि विचारलंत, "कुणी दिली?" तेव्हा ती उतरंडीमागून तो कागद वाटीसकट घेऊन आली. "मी आनला. मी बी वाटी घातला, बघा की." तिनं वाटी उचलली. कागदावर हिरवट गोल होता.

तुमचा हात भाकरीवर थांबला. "केवढ्या होत्या या?" तुम्ही विचारलंत.

"पुट्ट. तुमीच म्हनला की, पुट्ट छत्री खावा म्हनून. मी पुट्टच बघून आनल्या."

तुम्ही कागदाकडे बघितलंत, मग तिच्याकडे. मग म्हणालात, "वाटीची कल्हई गेलीय वाटतं." आणि एकदम माझ्या ताटाकडे हात घालून माझी सगळी भाजी तुम्ही आपल्या ताटात ओढलीत. "ही पोरांनी खायची भाजी नव्हे. ऊठ. हात धू, चूळ भर." एवढ्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. मी रडत मोरीकडे गेले. तिथून वळून बघितलं तेव्हा अव्वा पातेलं हातात धरून उभी होती आणि तुम्हाला विचारत होती, "भाजी बरा झाला न्हाय का?"

आणि तुम्ही म्हणालात, "झाला की. लई बरा झाला." तिच्यासमोर आणखी एक घास घेतलात. मग तिच्या हातातलं पातेलं घेतलंत, ताटातलं उरलेलं त्यात लोटलंत आणि हे मंडळाला दाखवायलाच हवं म्हणून पातेलं सायकलला बांधून निघून गेलात.

मला वाटलं, तुम्ही परत तिची टिंगल करताय. ती मात्र दारात उभी राहून हसत होती.

तुम्ही परतलात ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, टांग्यातून, कंपाउंडर काकांच्या खांद्यावर हात टाकून. चेहरा चुन्यासारखा झाला होता. काकांनी अव्वाला सांगितलं, "चिंच घातलेलं पितळेत कळकलं, वहिनी. भाजीत काही नव्हतं, भांडंच वाईट." तुम्ही उठून बसल्यावर पहिलं काम कल्हईवाल्याला बोलावण्याचं केलंत. घरातलं झाडून सगळं पितळ कल्हईला गेलं. अव्वा त्या कल्हईवाल्याशी पुढं जन्मभर भांडली. त्यानं आधीच्या खेपेला कथील नीट लावलं असतं तर मास्तर आजारी पडले नसते, असं ती त्याला तोंडावर म्हणायची. आणि येईल त्या पाहुण्याला सांगायची, "माझा भाजी एवढा आवडला की पोरीच्या ताटातला बी ओढून घेतले."

पुढच्या रविवारी तुम्ही तिला म्हणालात, "चल आमच्याबरोबर." मंडळात पहिल्यांदाच बाई. तुम्ही तिला बांधावरची वारुळं दाखवलीत आणि वारुळावर उगवलेलीच तेवढी घ्यायची असं पुन्हा पुन्हा बजावलंत. पुट्टगोडुगु हा शब्द मात्र मी तुमच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. थोड्याच वर्षांनी तापानं तुम्ही गेलात. अव्वा म्हातारी होऊन, समाधानात गेली.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या तेलुगू बाईंनी मला ताटलीतून अळंबी आणून दिली. "पुट्टगोडुगु हाय, काकू, भाजी करा," म्हणाल्या. मी म्हटलं, "पुट्ट कुठली, या तर तळहाताएवढ्या आहेत." त्यांना हसू आवरेना. "लहान न्हाय ओ. आमच्यात पुट्ट म्हंजे वारूळ. वारुळाची छत्री." त्या गेल्या आणि मी ती ताटली मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. तुमच्या एका तेलुगू शब्दाचा अव्वानं कानडी अर्थ लावला होता, आणि हे त्या दुपारी तिच्या तोंडून पुट्ट ऐकताच तुम्हाला कळलं होतं.

कळलं होतं ना, अप्पा? की मीच आता बसून जुळवतेय? माझं ताट ओढलंत ते मी वाचावं म्हणून, पातेलं नेलंत ते अव्वानं खाऊ नये म्हणून, इथपर्यंत माझी गाडी नीट येते. पण मग तो एक घास का घेतलात? ताटातलं सगळंच पातेल्यात लोटता आलं असतं. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, चार दिवस बोलली नसती, एवढंच ना? की सगळ्यांसमोर तिला हसलात त्याची ती भरपाई होती? भरपाई म्हणून कुणी विष खातं का? आणि ड्रॉइंगच्या वर्गातसुद्धा पोरांचं व्याकरण सुधारणारा माणूस 'लई बरा झाला' असं म्हणतो, ते काय गंमत म्हणून? नंतर तिला बरोबर नेलंत, ते बक्षीस होतं की पहारा? कधी वाटतं असा नवरा मिळायला भाग्य लागतं. कधी वाटतं हा शुद्ध गाढवपणा, त्यात तुमचा जीव गेला असता आणि तिला जन्मभर कारणही कळलं नसतं. सकाळी एक वाटतं आणि भाकरी थापताना दुसरं. एवढं प्रेम होतं तर ते आधी, सोप्यात, चारचौघांत का दाखवलं नाहीत, याचाही मला राग येतो.

विचारू तरी कुणाला? तुम्ही नाही, अव्वा नाही, कंपाउंडर काकाही कधीच गेले. हा कागद पेटीत टाकायचा तर वर पत्ता काय घालू? डब्यात ठेवीन किंवा चुलीत घालीन.

आणि आणखी एक आहे, त्यानं तर माझं सगळंच गणित बिघडतं. तुम्ही माझं ताट ओढलंत त्याच्या आधी, अव्वा भाकरी उलटत होती तेव्हा, मी पातेल्यातले दोन मोठे तुकडे उचलून खाल्ले होते. मला काही म्हणता काही झालं नाही. म्हणजे ती छत्री खरंच विषारी होती, की खरोखरच वाटीची कल्हई गेली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. चव तेवढी पक्की आठवते. भाजी लई बरा झाला होता, अप्पा.