आत काय आहे ते लिंकवरच लिहिलंय

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र आधी दोनदा हाताने लिहिलं. फोटो काढून पाठवणार होतो, तेवढ्यात आठवलं की तुझ्या कॉम्प्युटरला फोटोतलं अक्षर वाचून दाखवता येत नाही. मग गुपचूप टाइप करायला बसलो. बघ, तू समोर नसतानाही तुझं ऐकतो.

वाचनालयाच्या वेबसाइटचं काम मिळून मला दोनच महिने झाले होते. सरांशी हुज्जत घालून परीक्षा अर्धी टाकून आलेला, कॉलेज सोडलेला मी. तू पांढरी काठी टेकत काउंटरपाशी आलीस आणि म्हणालीस, सदस्यत्वाचा अर्ज सापडत नाही. मी फटकन म्हणालो, सगळ्यांना सापडतो, तुम्हालाच बरा सापडत नाही. तेव्हा आपण अहो-जाहोत होतो. तू शांतपणे म्हणालीस, मग तुम्ही शोधून दाखवा. मला स्क्रीन बंद करायला लावलीस आणि तुझे हेडफोन माझ्या कानांवर चढवलेस.

इथे क्लिक करा, लिंक. इथे क्लिक करा, लिंक. कॉम्प्युटरने त्रेसष्ट वेळा तेच वाचून दाखवलं, आणि त्रेसष्टही मीच लिहिलेल्या. वैतागून सातवी उघडली, तर अख्खा वार्षिक अहवाल, चाळीस एमबीचा. तो नव्या खिडकीत उघडला आणि मला परत कुठून जायचं तेच कळेना. मी हेडफोन टेबलावर आपटले. तू म्हणालीस, मी हे रोज ऐकते, पण आपटत नाही, महाग असतात.

त्यानंतरचे आठ शनिवार मी विसरणार नाही. तू ऐकायचीस, मी दुरुस्त करायचो. सदस्यत्वाचा अर्ज, पीडीएफ, दोन पानं, ऐंशी केबी. नाव, प्रकार, आकार, सगळं लिंकवरच. स्कॅन करून चिकटवलेली पानं तू मला पुन्हा टाइप करायला लावलीस आणि चुकलो की हसायचीस. तू म्हणायचीस, दार उघडण्याआधी आत खोली आहे की विहीर ते कळू दे. परवा एक आजोबा मुद्दाम सांगायला आले की फाइल केवढी ते आधी कळलं, म्हणून मोबाइलचं नेट वाया गेलं नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली. ती थाप तुझी आहे.

नवव्या शनिवारी तू दुसऱ्या गावच्या नोकरीचं सांगितलंस. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, जा की, अडवलंय कोणी, आणि तुला काउंटरपाशी तशीच उभी ठेवून निघून गेलो. परीक्षेतून उठलो होतो, अगदी तसाच. चूक माझी होती. माफ कर.

आता बातमी. काल कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. क्लार्कने सव्वा तास उभं केलं, दोनदा खिडकी लावून घेतली. मी आवाज चढवला नाही. तुझे हेडफोन आठवत उभा राहिलो. आई म्हणते, कोणी चांगलं भेटलेलं दिसतंय तुला. तिला कळलंय.

मेलमधल्या लिंकवर आधी मी लिहिलं होतं : पत्र, वर्ड फाइल, एक पान, बावीस केबी, आत एक माफी आणि एक बातमी. पाठवायच्या आधी ते मलाच खोटं वाटलं, कारण पत्र लिहायचं खरं कारण त्यात नव्हतंच. म्हणून पुढे लिहिलं : आणि एक प्रश्न, जो आठ शनिवार विचारायचा राहिला. तू ते ऐकूनच ही फाइल उघडली असशील. इथवर आली असशील, तर मला धीर आहे. येत्या शनिवारी तुझ्या नव्या गावी येऊ का? वाचनालयाचं काम नाही. तुझ्यासाठी यायचंय. नको म्हणालीस तरी त्रेसष्ट लिंकांचे आभार राहतीलच.

अजून तापट, पण हेडफोन अलगद खाली ठेवणारा,
तुझाच
भडकू