पणतीने लावलेलं विरजण

आई, तुझी पणती परवा वयात आली. तू असतीस तर ही बातमी तुलाच आधी सांगितली असती. आता तू नाहीस, तरी तुलाच सांगतेय, कारण त्यानंतर या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. माझ्या मुलीने, म्हणजे तुझ्या लाडक्या नातीने, पोरीला बाल्कनीलगतच्या खोलीत वेगळं बसवलं. पेरुंगुडीचा फ्लॅट आहे, खोलीला एसी आहे. खाली जांभळी योगा मॅट, शेजारी नवी कोरी बाटली, वेगळं ताट, वेगळा ग्लास. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाला, लोणच्याला, दह्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "अम्मा, याला तीट्टु समजू नकोस. विटाळबिटाळ मी मुळीच मानत नाही. या दिवसांत शरीराची एनर्जी वेगळी असते. तिला रेस्ट हवी, बस." ही बाई दिवसभर कॉम्प्युटरवर साता समुद्रापलीकडच्या लोकांना शहाणपण शिकवते आणि संध्याकाळी फोनवर कुठल्याशा ताईंची व्याख्यानं ऐकते. त्या ताई इतकं सुरेख इंग्रजी बोलतात की त्यातली माझ्या आजीची चटई कुणाला दिसतच नाही. मला मात्र लगेच दिसली.

आपल्या अंबत्तूरच्या घराची मागची पडवी आठवते ना? धुण्याचा दगड, त्याच्याजवळ गुंडाळलेली चटई आणि पालथा घातलेला तांब्या. महिन्याच्या महिन्याला तू तिथे बसायचीस, आणि आम्हाला सांगितलं जायचं की आईला कावळा शिवला. मी वयात आले त्या दिवशी आजी मला म्हणते, "बस गे तिकडे. काही शिवू नको." आणि मी शाळेच्या गणवेशातच बसते. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर टाइप करून तू घरी येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस आणि मला बघतेस. "ऊठ," म्हणतेस. आजी समोर उभी, मी कशाची उठते! मग तू ओरडतेस. तितकं तू माझ्यावर आधी कधी ओरडली नव्हतीस, नंतरही नाही. "कुणी बस म्हटलं की बसायचं, हे कुणी शिकवलं तुला?" दंडाला धरून तू मला चुलीशी नेतेस, दुधाचं पातेलं पुढ्यात ठेवतेस, हातात चमचा देतेस. "लाव विरजण. उद्या घरातले सगळे हेच दही खातील. नासलं तर मी एकटी खाईन." दारात आजीचं "अय्यो, अय्यो" चाललेलं. सकाळी दही लागलं होतं, सुरीने कापावं इतकं घट्ट. बाबांनी ते भातात कालवून मुकाट्याने खाल्लं. आजीने पुढे कितीतरी दिवस दह्याला तोंड लावलं नाही. चटई तू गच्चीवर नेलीस आणि त्यावर तांदळाचे वडाम वाळत घातले.

मला वाटलं, आपल्या घरापुरतं तरी ते संपलं. शाळेत इतिहास शिकवताना मी फळ्यावर एक लांब बाण काढायची, डावीकडून उजवीकडे, आणि मुलांना सांगायची की माणूस असा पुढे जातो, मध्ये अडखळतो पण जातो. आता त्या बाणाची मला शरम वाटते. आजीला निदान भीती होती, देव कोपेल, घर बुडेल. माझ्या मुलीला कसलीच भीती नाही. तिने हे हौसेने, पसंत करून घरात आणलंय. वर मला ऐकवते, "अम्मा, तुम्ही दोघींनी बंड केलं ते त्या काळी ठीक होतं. आता आऊटडेटेड झालं." म्हणजे बघ, तुझं बंड जुनं झालं आणि आजीची चटई नवी! मी भांडले नाही.

दुसऱ्या दिवशी पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उंबरा नाही या घराला, तरी जिथे फरशीचा रंग बदलतो तिथे बरोबर थांबली. "आजी, मी टच केलं तर तयिर खरंच खराब होतं?" दह्याला ती तयिरच म्हणते. चेष्टा करत असती तर मी हसले असते. पण ती आपल्या हाताकडे बघत होती. आई, आज जर या पोरीच्या मनात ते बसलं, तर जन्मभर निघायचं नाही. मुलगी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. मी पोरीला हाताला धरून आत ओढलं आणि दूध निवण्याचीही वाट न बघता तिच्या हातात चमचा दिला. "लाव विरजण," म्हटलं, "उद्या आपण सगळे खाऊ."

सकाळी झाकण काढलं, तर वर हिरवट पाणी आणि खाली गुठळ्या. सगळं बेसिनमध्ये ओतलं, खालच्या दुकानातून दह्याचं पाकीट आणलं, त्याच पातेल्यात रिकामं करून चमच्याने वरून सारखं केलं. पोर उठली, झाकण उघडलं आणि ओरडली, "सेट झालंय!" पातेलं घेऊन आपल्या आईकडे धावली. माझ्या मुलीने पातेल्यात बघितलं, एक चमचा खाल्ला. दुपारी पोर आमच्याबरोबर टेबलाशी जेवायला बसली. मॅट अजून त्या खोलीतच आहे. पुढच्या महिन्याचं कुणी बोललेलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अंबत्तूरला त्या सकाळी तू आमच्या सगळ्यांच्या आधी उठली होतीस, आणि शेजारच्या मामींचा दह्याचा एक डबा घासून आपल्या ओट्यावर पालथा घातला होतास. इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नव्हतं.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, मुलीला तर नाहीच. दूध गरम होतं म्हणून ते फाटलं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण आई, झाकण काढलं तेव्हा मी आधी पोरीच्या खोलीकडे बघितलं. दूध गरम होतं हे मला मागाहून आठवलं.