मी मांगेच शे

२२ मार्च, शनिवार

आज मोठा निर्णय झाला. घरातले निर्णय मीच घेतो. आजचा तेवढा डॉक्टरांनी आणि दिपमालाने घेतला.

कुंदाचं बीपी वाढलंय. साखर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, गोळ्या नंतर बघू, पण एकट्या चालू नका, कोणीतरी सोबत ठेवा. मी लगेच म्हटलं, मी आहे ना. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघितलं. म्हणाले, तुमचीही तपासणी करून टाकू. मी म्हटलं, गरज नाही, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, जन्मभर कालव्याच्या काठाने फिरलोय. मोटरसायकलवर फिरलो, पण काठानेच फिरलो.

घरी आल्यावर लेकीचा, दिपमालाचा, नाशिकहून फोन. तिने फर्मान काढलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येते, तोपर्यंत आईचा रिपोर्ट सुधारला नाही तर आईला इकडे घेऊन येते, कायमची. इथे हवा बरी आहे आणि इथे मी लक्ष देईन. 'मी' वर जोर.

म्हणजे मी लक्ष देत नाही? अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस खाऊन परत जातात. इथे लेक येणार आणि आईलाच उचलून नेणार. चार लोकांत काय सांगायचं? शिवाय माझा चष्मा कुठे असतो ते फक्त कुंदाला माहीत असतं.

ते काही नाही. अखाजीपर्यंत हिला चालवून चालवून ठणठणीत करणार. कोच मी.

२३ मार्च, रविवार

प्लॅनिंग. कुंदा म्हणते, पहाटे चालू, ऊन व्हायच्या आत. मी रिजेक्ट केलं. पहाटे कुत्री असतात. शिवाय मी गच्चीवर झोपतो, खरी गार हवा पहाटेच सुटते, आणि त्याच वेळी उठायचं म्हणजे रात्रभर सोसलेला उकाडा फुकट गेला.

संध्याकाळी पाचची वेळ ठरली. ती म्हणाली, त्या वेळी रस्ता तव्यासारखा असतो. मी म्हटलं, तवा तापल्याशिवाय भाकरी होत नाही. घाम निघाला पाहिजे. धुळ्याचा माणूस उन्हाला भ्यायला लागला तर झालंच मग.

ती गप्प बसली. पटलं असावं.

२४ मार्च, सोमवार

पहिला दिवस. रूट असा: घर, मग गफूरभाईंचं कुलरचं दुकान, मग मेन रोडने पांझरा नदीचा पूल, आणि मागच्या गल्लीने गोल फिरून घरी.

मी पुढे, ती मागे. आमच्यात असंच असतं. आबा पुढे चालायचे, माय मागे. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, शेतात जाताना. आबांनी कधी मागे वळून पाहिलं नाही. जोडीने चालणं सिनेमात ठीक आहे, आमच्या देवपुरात लोक बघतात.

वाटेत तिने तीन-चारदा थांबा म्हटलं. मी थांबलो नाही. एकदा थांबलं की लय तुटते. मागे वळूनही बघितलं नाही, त्यानेही तुटते. घरी आल्यावर ती ओट्यावर बसून राहिली, चेहरा लालबुंद. मी म्हटलं, बघ, असर होतोय. ती पाणी प्यायली आणि आत निघून गेली. रात्री खिचडी. नुसती. पापड नाही, तेल नाही.

२६ मार्च, बुधवार

काल कडकड झाली, भांडणच. ती म्हणाली, मला असं ओढत नेणार असाल तर मी चालणारच नाही. मी म्हटलं, मग जा नाशिकला. तोंडातून निघून गेलं. ती काहीच बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे मेच्या दुपारी लाइट जाणं. काही हलत नाही.

आज मात्र चमत्कार. स्वतःहून चप्पल घालून तयार. गफूरभाईंच्या दुकानापाशी आवाज दिला, तुम्ही चला, मी मांगेच शे. म्हणजे मागेच आहे. इतकी वर्षं धुळ्यात काढली तरी हिचं दोंडाईच्याचं बोलणं काही सुटत नाही. पण शब्द ऐकून बरं वाटलं. त्यानंतर एकदाही थांबा म्हणाली नाही.

सुधारणा आहे.

२९ मार्च, शनिवार

मस्त चाललंय. मी चालता चालता तिला माहिती देत असतो. श्वास कसा घ्यायचा, टाच आधी की पंजा आधी, घाम आणि साखर यांचा संबंध. पूर्वी ही मध्ये मध्ये बोलायची. आता पूर्ण शांतपणे ऐकते.

आणखी एक शिस्त अंगी बाणली. शेवटच्या वळणावर ही कुठून तरी आडवाटेने पुढे जाते आणि मी पोचतो तोवर कुलूप उघडून, माठातलं पाणी काढून दारात उभी असते. मी सांगितलेलंही नव्हतं. दम लागल्याचं चिन्ह नाही. माझा मात्र शर्ट पिळून काढावा लागतो. याला म्हणतात कोचने स्वतः झिजणं.

३१ मार्च, सोमवार

ईद. ताजबी, म्हणजे गफूरभाईंची बायको, शीरखुर्मा घेऊन आली. कुंदाने चमचाभर घेतला आणि पुरे म्हणाली. घरी आलेल्या वाटीचा अपमान नको, म्हणून बाकीचा मी संपवला. शेजारधर्म.

दोघी दारात बराच वेळ कुजबुजत होत्या. मी बाहेर आलो की थांबायच्या. कुलरच्या जाळीबद्दल असेल.

४ एप्रिल, शुक्रवार

लोकांची नजर बदललीय. पानटपरीवरचा पुना हसून म्हणाला, काय नाना, रोज फोनवर, कानात ते नवीन बटण घातलंय का. मी म्हटलं, बायकोशी बोलतोय. नंतर टपरीवरच्या दुसऱ्याला काहीतरी सांगत होता आणि दोघेही माझ्याकडे जरा हळहळून बघत होते.

बायकोशी चार शब्द बोलणारा नवरा या गावाला सहन होत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज रजा घेतली. बेचाळीस डिग्री. स्नायूंना विश्रांती लागते, हे सायन्स आहे. कुंदाला म्हटलं, तूही आराम कर. ती म्हणाली, बरं. जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही. कमिटमेंट कमी पडतेय.

संध्याकाळी शेवभाजी. माझ्यासाठी. तिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर आणि ठेचा खाल्ला आणि लवकर झोपली. हल्ली दिवेलागणी झाली की पेंगते.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी उठलो तर हिच्या चपला अंगणात, धुळीने भरलेल्या. काल तर तिने त्या पुसून ठेवल्या होत्या. विचारलं. म्हणाली, दूध आणायला गेले होते. दूध दारात येतं. पण चहा गरम होता, म्हणून विषय वाढवला नाही.

हिचे ब्लाऊज सैल झालेत. आज शिलाई मारत बसली होती. दिपमालाला मुद्दाम फोन करून सांगितलं, माझ्या पद्धतीचा रिझल्ट बघ. ती म्हणाली, बाबा, तुमचं वजन केलं का. मी म्हटलं, रेंज जातेय, आणि ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

पुन्हा कडकड. परवा जेवताना मी सहज म्हटलं, बघ, मी नसतो तर तू चाललीच नसतीस. तिने भाकर ताटात ठेवली. म्हणाली, तुम्ही मला आजवर चालताना पाहिलंय का? मी म्हटलं, रोज बरोबर असतो. ती म्हणाली, पाहिलंय का, तेवढं सांगा. मी म्हटलं, नवऱ्याने पुढे बघायचं असतं. ताट तसंच टाकून उठली.

दोन दिवस झाले, फक्त कामापुरतं बोलते. मीठ. किल्ली. गॅसवाला आला. नाशिकच्या फोनवर मात्र आतल्या खोलीत जाऊन बोलते. काल एक वाक्य कानावर पडलं, बॅग भरायला किती वेळ लागतो. कोणाची बॅग, ते नाही कळलं.

मला झोप लागली नाही. उकाडा होता.

२१ एप्रिल, सोमवार

अखाजी तोंडावर. कपाटावरची मोठी बॅग खाली आलीय. झटकून उन्हात ठेवली होती. मी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल.

चालण्याचा जोर वाढवला पाहिजे. उद्यापासून वेग दुप्पट. रिपोर्ट असा आला पाहिजे की दिपमालाचं तोंडच बंद झालं पाहिजे. मग बॅग परत कपाटावर.

२५ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिलं नाही. सलाईन डाव्या हाताला होतं, पण मन नव्हतं.

काल त्रेचाळीस की चव्वेचाळीस. निघताना कुंदा म्हणाली, आज नको, लू सुटलीय, टॉवेल तरी बांधा डोक्याला. मी म्हटलं, ज्याला यायचं त्याने यावं. टॉवेल बांधला नाही. गफूरभाईंचं दुकान आलं. मागून आवाज, मी मांगेच शे. मी वेग घेतला.

पुलावर पोचलो आणि डोळ्यांपुढे काजवे. जीभ टाळूला चिकटली. कठडा धरला तर हात भाजला. म्हटलं, कुंदा, पाणी दे, पिशवीत बाटली असेल. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. मग मागे वळलो.

रस्ता रिकामा. पार त्या टोकापर्यंत. एक माणूस नाही.

मला भीती वाटली. आजवर अशी वाटली नव्हती. मी इथे डबल स्पीडने आलो आणि बीपीची बाई मागे कुठेतरी उन्हात पडलीय, आणि मला पत्ता नाही. परत फिरलो. पळालो, म्हणजे पळायचा प्रयत्न केला. प्रत्येक लिंबाखाली बघितलं, बंद दुकानांच्या ओट्यांवर बघितलं. पुनाला विचारलं, माझी बायको इथे कुठे पडलेली बघितली का. तो म्हणाला, वहिनी? तुमच्याबरोबर? मी म्हटलं, रोज असते की. त्याने मला टपरीच्या सावलीत ओढलं. मग म्हणाला, बरं, साडी कोणत्या रंगाची होती?

मला सांगता येईना.

कालची सोडा, परवाची सांगता येईना. कोणत्याच दिवसाची सांगता येईना. मी तिथेच उभा. पुना हाताला धरून गफूरभाईंच्या दुकानापर्यंत घेऊन आला.

दुकानाच्या मागे त्यांचं घर. ओट्यावर नवा कुलर लावलेला. त्याच्यासमोर कुंदा आणि ताजबी, मधे सुपात गहू, निवडत बसलेल्या. साडी पोपटी होती.

राग यायला पाहिजे होता. आधी रडू आलं. घामात कोणाला कळलं नसावं. मग पाय गेले. गफूरभाईंनी त्यांच्या छोटा हत्ती टेम्पोत, कुलरच्या ताट्यांवर आडवं घालून दवाखान्यात नेलं. डोकं कुंदाच्या मांडीवर होतं. ती सारखी ओला पदर फिरवत होती आणि म्हणत होती, सांगितलं होतं, सांगितलं होतं. तीही रडत होती. पदर त्यामुळेही ओला असेल.

२६ एप्रिल, शनिवार

सगळं बाहेर आलं. ताजबी पहाटे नमाज झाली की दारात येते. दोघी गोंदूर रस्त्याने चालून येतात, हसत, बोलत. मी तेव्हा गच्चीवर गार हवेत. संध्याकाळी कुंदा दुकानापर्यंत येते, मी मांगेच शे म्हणते आणि ओट्यावर बसते. मी परतायची वेळ झाली की त्यांच्या मागच्या दाराने घरी.

मी विचारलं, मग संध्याकाळी निघायचंच कशाला. म्हणाली, तुम्ही रोज एवढ्या हौसेने चप्पल घालायचात, नाही म्हणवलं नाही. आणि पहिल्या दिवशी मी थांबा म्हटलं, तुम्ही थांबला नाहीत. मग मी थांबले.

यात माझी फसवणूक झालीय. एक महिना मी श्वासाबद्दल, टाचेबद्दल कोणाला सांगत होतो? तरी एक बाजू आहे. मूळ चालण्याची कल्पना रुजवली कोणी?

२८ एप्रिल, सोमवार

रिपोर्ट. कुंदाचं बीपी जवळजवळ नॉर्मल. साखर खाली. डॉक्टर उठून उभे राहिले, शाब्बास म्हणाले. मी म्हटलं, थँक्यू. ते म्हणाले, तुम्हाला नाही म्हणत.

सलाईनच्या वेळी माझंही रक्त घेतलं होतं. साखर तीनशेच्या पुढे. बीपीचा आकडा त्यांनी मला न सांगता कुंदाला सांगितला. माझं मत, उन्हाने मशीन तापलं असणार.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी

दिपमाला आली. खापरावरची पुरणपोळी, आमरस. मला अर्धी पोळी आणि चाखण्यापुरता रस. उरलेला रस कुंदाने माझ्या डोळ्यांदेखत ताजबीकडे पाठवला.

जेवण झाल्यावर बॅग मधल्या खोलीत आणली गेली. मी दाराकडे बघत बसलो. दिपमालाने उघडली. आत माझे शर्ट, माझं धोतर, माझी दाढीची पेटी. चष्म्याचं घरसुद्धा. ती म्हणाली, आई आता ठीक आहे, बाबांना घेऊन जाते, तिथे मी लक्ष देईन.

मी कुंदाकडे बघितलं. ती बॅगेकडे बघत होती. मी म्हणायला गेलो की घरातले निर्णय, पण तीनशेचा आकडा आठवला. मग ती उठली, एकेक शर्ट काढून परत कपाटात ठेवायला लागली. म्हणाली, राहू दे बेटा. इथे मी लक्ष देईन.

१ मे, गुरुवार, पहाट

अंधारात उठवलं. कुत्री होती, पण झोपलेली. हवा खरंच गार असते, हे मी आधीपासून म्हणत आलोय.

कुंदा आणि ताजबी पुढे, जोडीने. मी मागे, डोक्याला टॉवेल. सुरुवातीला सूचना दिल्या, टाचेबद्दल. ऐकू गेल्या नसाव्यात. पहिल्या विजेच्या खांबापर्यंत बरोबरीने होतो. मुद्दाम वेग कमी ठेवला, बायकांना दडपण नको. दुसऱ्या खांबापाशी एक दगड बघून बसलो.

वळणावर कुंदा थांबली. मागे वळून बघितलं. पुढे चार पावलं गेली, परत थांबली, परत बघितलं. साडी निळी होती, काठ पिवळे.

मी हात वर केला. मी मांगेच शे, असं म्हणायचं होतं. दम लागला होता.